पीटरच्या किल्ल्या

ग्रिम्झबीत दर गुरुवारी संध्याकाळी सातला
मासळीच्या गोदीमागच्या चर्चच्या हॉलमध्ये
मी इंग्रजी शिकवते.
हीटर एकच. त्याच्या जवळच्या खुर्च्या आधी भरतात.
सगळ्यांच्या हातांना हॅडॉकचा वास,
लिंबू चोळूनही न जाणारा.

पाठ्यपुस्तकात पीटर नावाचा एक इसम आहे.
त्याच्या किल्ल्या हरवल्या आहेत.
एकोणीस वर्षं मी हे पुस्तक शिकवतेय,
एकोणीस वर्षं तो दाराबाहेर उभा आहे.
कारण हरवल्या म्हटलं की गोष्ट संपते
आणि हरवल्या आहेत म्हटलं की
दार अजून बंद असतं.
ह्यालाच प्रेझेंट परफेक्ट म्हणतात, मी सांगते,
झालेलं, पण न संपलेलं.
तेस्फालेम वहीत उतरवून घेतो. मग विचारतो,
ह्याला कुणी शेजारी नाहीत का?

पीटरचा मला कंटाळा आलाय, खरं सांगायचं तर.
म्हणून मी उदाहरणं बाहेरून आणते,
बसच्या तिकिटामागे लिहून.
औषधांच्या दुकानातली पोरगी म्हणाली,
"पिशवी हवी होती का तुम्हाला?"
हवी होती? कधी? मी तर आत्ताच आलेय.
पण हा भूतकाळ काळाचा नाहीच,
एक पाऊल मागे सरून
समोरच्याला दिलेली ही जागा आहे.
वर्गाला हे फार आवडलं.
पुढचे चार आठवडे सगळे एकमेकांना
पेन हवं होतं, खिडकी लावायची होती
असं इतक्या अदबीनं म्हणत राहिले
की खिडकी कुणी लावलीच नाही.

कारखान्याच्या फाटकावरच्या कागदाचा फोटो
नेरगिझनं काढून आणला:
रात्रपाळी रद्द करण्यात आली आहे.
"कुणी केली?"
मी म्हटलं, ह्या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही.
"सोयीचं आहे," ती म्हणाली,
आणि सोयीचं हा शब्द तिनं अगदी बरोबर वापरला.

आणि मग दाइवाची वही.
मोठ्या, गोल अक्षरात, एक ओळ सोडून:
माझी आई मार्चमध्ये वारली आहे.

नियम साधा आहे. तारीख आली की हॅज जातं.
काल, मार्चमध्ये, अमक्या साली, असं काही असेल
तर दार लावून घ्यायचं, मागे बघायचं नाही.
फळ्यावर हे किती वेळा लिहिलंय मी,
बाही खडूनं पांढरी करून घरी गेलेय.
लाल पेन हातात होतं.

क्लाइपेडाला जायला तिला तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती.
देण्यात आली नव्हती, म्हणू या.
अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला,
कपडे बदलायच्या खोलीत, जेवणाच्या वेळात,
रबरी बूट न काढता.

खाली मी लिहिलं: अक्षर सुंदर.

नोव्हेंबरात उजळणी होती. तोच धडा, तोच पीटर.
दाइवानं जुनी वही उघडली,
ते पान शोधलं, बराच वेळ बघत राहिली,
आणि माझंच पेन मागून घेऊन
हॅजवर रेघ मारली. सरळ, पट्टी न घेता.
"हे चुकलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं नाहीत."

मी म्हटलं, हो, राहून गेलं.

वाक्य आता बिनचूक आहे.
हॉलच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात.
त्या रात्री सगळे गेल्यावर कुलूप लावलं
आणि उगीच एकदा
दार ढकलून पाहिलं.