उंची

गुरुवारीच जाऊ, असं सगुण म्हणतो,
शुक्रवारी म्हापशात भिंतच दिसत नाही.
म्हणून गुरुवारी, दुकानं जेवून आडवी झालेली असताना,
साल्वादोर चेंबर्सचे तीन मजले टेपने मोजले.
चौदा सिलिंडर पिकअपमधून उतरवले,
लाल, गार, एकेक काखेत धरून.

नियम साधा आहे:
कुठूनही निघा, पंधरा मीटरच्या आत एक हाताला लागला पाहिजे.
माझ्या चालीने बावीस पावलं, दिवे चालू असताना.
धुरात कुणाची किती,
ते टेपवर छापलेलं नसतं.

तळमजल्यावर नार्वेकर पेंट्स, थिनरचे डबे छताला टेकलेले.
सहा किलो पावडरचा, दाराशीच.
आत नको, म्हटलं, आत तर आग असेल.
दाराशी लक्ष्मीचा फोटो होता.
मग तिच्या डाव्या हाताला लावला.
चालेल तिला, नार्वेकर स्वतःशीच पुटपुटले,
तिचंच तर राखायचंय.

मीटरच्या खोलीबाहेर गॅसचा, काळ्या शिंगाच्या तोंडाचा.
वर वकील लोटलीकर:
हा लाल रंग सागवानाला शोभत नाही, कपाटात ठेवा ना.
साहेब, म्हटलं, साक्षीदार कोंडून ठेवला
तर केस कशी उभी राहायची?
हसले. भोक पाडू दिलं.
आधी सागाचा भुसा आला, मग चिऱ्याची तांबडी भुकटी.
सगुणच्या भुवयांवर ती संध्याकाळपर्यंत होती.

दुसऱ्या मजल्यावर क्लेमेंतीन बाय.
लग्नाचे पांढरे झगे, नेट, साटन, नायलॉन,
आणि मधोमध इस्त्री, तिच्या पायावर उभी.
मी नेहमीसारखी छातीशी पेन्सिल टेकवली, माझ्या.
अकरा वर्षं तीच खूण.
हुक ठोकला, सिलिंडर अडकवला, काटा हिरव्यात आहे ते दाखवलं,
पिन कशी ओढायची तेही.

ती खाली येऊन उभी राहिली.
हांव मटवी, पुता, म्हणाली. माका पावता?
बोटं मुठीला लागली.
पण हुकातून सोडवायला आधी वर उचलावं लागतं,
आणि वर उचलताना तिची एक चप्पल मागेच राहिली.

सगुण काही बोलला नाही.
मी पर्वरीतली लॅब आठवली, रात्री फरशी पुसणारी बाई,
पणजीतलं ते झेरॉक्स, स्टुलावर बसणारी मुलगी.
किती भिंतींवर मी माझीच छाती ठोकून आलो होतो.

स्क्रू काढले.
तिने साबणाची चिपटी घेतली, बाही आखतात तशी,
आणि स्वतःच्या खांद्याच्या जरा खाली
भिंतीवर एक रेघ ओढली, सरळ, पट्टीशिवाय.
तिथे लावला.
वरची दोन भोकं तिने त्याच साबणाने बुजवली,
नखाने कडा साफ केली.

शुक्रवारी विसरलेला ड्रिल-बिट आणायला गेलो.
जिन्यावर कांद्यांच्या माळा, चटयांचे गुंडाळे, चोरीस, मिरच्या,
तळाचा सिलिंडर कुठे आहे ते मलाच शोधावं लागलं.
चटईवालीने त्यावर छत्री टांगली होती.
छत्री काढा, म्हटलं.
ऊन उतरलं की काढते, म्हणाली.
बावीस पावलांना मला नऊ मिनिटं लागली.

वर्षाने रिफिलची तारीख आली.
नार्वेकरांच्या सिलिंडरला झेंडूचा हार.
वकिलांकडे पुढ्यात कुंडी, माणसाएवढी.
क्लेमेंतीन बायच्या सिलिंडरच्या गळ्यात मापाची पट्टी लोंबत होती,
पट्टीखाली धूळ नव्हती.
सील शाबूत. काटा हिरव्यात.
ती काजं करत होती, मान वर न करता म्हणाली,
रोज एकदा काढून परत अडकवते.

कार्डावर तारीख लिहिली, सही केली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे मी नेहमी ‘ठीक’ लिहितो,
तिथे लिहिलं:
चार फूट सात.