पुसायची ओळ

ओउलूत डिसेंबरात दोनलाच दिवे लागतात.
राइली तिसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तीच ओळ लिहिते:
काम झालं, आता किल्ली पुसून टाक.

कंपायलर शहाणा.
पुढं कुणी वाचणारच नाही
तर पुसायचं कशाला, म्हणून ओळच गाळतो.
किल्ली मेमरीत तशीच, उघडी.

प्रत्येक सिस्टिमला वेगळ्या शब्दांत विनवायचं.
एक ऐकते. एक ऐकल्यासारखं करते.
या जुनीला तर दटावावंच लागतं.

कोण वापरतं गं ती अजून, पेंत्ती विचारतो.
एक जण. पुंता आरेनासच्या बंदरात.
वर्षातून एकदा लिहितो, तेही तक्रार.

रात्री चाचणी हिरवी होते.
तरी ती मेमरी उघडून बघते:
शून्य शून्य शून्य
शून्य

अंगणातल्या बर्फात
तिचीच सकाळची पावलं
अजून बुजलेली नाहीत.