डावखुरी

आई रात्रपाळीहून यायची
तेव्हा स्वयंपाकघरात कडू बदामाचा वास शिरायचा.
खेलेनमधल्या बाकीच्या आयांना साबणाचा यायचा, कांद्याचा यायचा.
आम्हाला वाटायचं, ती बिस्किटांच्या कारखान्यात आहे
आणि आमच्यासाठी एकही आणत नाही.

एकदा विचारलंच.
तिने माझे ओले लोकरी मोजे टेबलावर टाकले.
"घाल. उलटसुलट घाल."
डावा मोजा उजव्या हातात जाईना, अंगठा भलतीकडे.
"टाकीत असंच असतं. निम्मे डावे, निम्मे उजवे,
वजन तेच, रंग तोच.
काट्याला कळत नाही, मला कळत नाही,
आमच्या स्मेट्ससाहेबाला तर मुळीच नाही.
कळतं फक्त एन्झाइमला."

मातीतल्या कुठल्याशा जिवाणूचं ते.
डोळे नाहीत, बोटं नाहीत,
अंगात एक खळगा, तेवढाच.
डावा रेणू येतो, बसतो, शेपूट तोडून घेतो.
उजवा येतो, चाचपडतो, निघून जातो.
रात्रभर हेच. ती तापमान बघते, डबा उघडते, पाव खाते.
पहाटे त्यात बदामाच्या वासाचं द्रव्य सोडायचं,
की शेपूट शाबूत असलेले उजवे
पांढरे होऊन तळाशी बसतात,
साखरेसारखे.

"आणि डावे?"
"त्यांना पुन्हा निम्मे-निम्मे करून टाकीत घालतात.
फुकट कोण घालवतं?"

आई सहा वर्षांची असताना
सिस्टर लुडगेराने तिचा डावा हात
एप्रनच्या नाडीने बाकाला बांधला होता.
आजोबा खाणीतून आले, मनगटावरचा वळ पाहिला,
आणि सूप ओरपत राहिले.
हे आईने नाही, बर्टीन मावशीने सांगितलं.
आई अजून सही तेवढी उजव्याने करते.

पुढे शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं:
सजीवांच्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डावी.
बीटाची, गाईची, पाद्र्याची.
मला सिस्टर लुडगेरा आठवली,
नखशिखान्त डावी,
आणि मी इतकी हसले की बाईंनी वर्गाबाहेर काढलं.

औषधाला मात्र उजवंच लागतं.
जंतू त्याला फसतात, आई म्हणायची;
कसे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात माझा कान ठणकत होता.
केळ्याच्या वासाचं औषध. बाटली दिव्याजवळ धरून
तिने लेबल वाचलं, अगदी खालच्या ओळीपर्यंत,
जणू तिथे तिचं नाव असेल.
मग डाव्या हाताने चमचा काठोकाठ भरला,
थेंबही सांडला नाही.
"गिळ. याच्यासाठी मी जागते."

सव्वानऊची बस होती.
दार आपटलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं.
घाईत तिने दोन्ही मोजे
डावेच उचलले होते.