पासंग

समितीत माझं नाव पडलं ते
ग्रामपंचायतीसमोर दुकान आहे म्हणून.
कोरम भरत नसला की शिपाई हाक मारायचा,
"आण्णा, जरा सही."
मी गुळाचे हात पायजम्याला पुसायचो
आणि जायचो.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती.
एवढं नाव एका दमात घेणारा
आमच्यात एकच, ग्रामसेवक इंगवले,
तोही तीन गावांत वाटलेला.
इतिवृत्त घरनंच लिहून आणायचा:
'उपकेंद्राचे कामकाज समाधानकारक आहे.
चहापानानंतर सभा संपली.'
चहाची पावडर माझ्याच दुकानातली, उधारीवर.
सहा वर्षं मी समाधानकारक होतो.

उपकेंद्र तसं देखणं.
मदुराईला गलाईचा धंदा असलेल्या गळव्यांनी
वडलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावून दिलंय.
अक्षरं सोनेरी.
नळ आहेत. पाणी मात्र
आटपाडीहून टँकर आला तर.

त्या मंगळवारी मिठाची पोती उतरवून
उगाच आत डोकावलो.
हुकाला ताणकाटा, काट्याला निळी झोळी,
झोळीत देवकत्यांची नात, ओठ मुडपून.
मालन आशानं वजन लिहिलं, पोर उतरवली,
झोळीही काढून झटकली.
काटा खाली आला
आणि शून्याला पोचायच्या आतच थांबला.

"तो तिथंच थांबतो," मालन म्हणाली,
"पहिल्यापासनं."

मला दरदरून घाम.
आमच्या थोरल्या चुलत्यांच्या तागडीला
एका पारड्याखाली चिंचेचा गोळा असायचा,
सुपारीएवढा, काळा पडलेला.
गिऱ्हाईक काट्याकडं बघतं.
पारड्याच्या पोटाखाली कोण वाकून बघतंय?
ते गेल्यावर मीच तो नखानं खरवडला,
पण त्याआधी चार वर्षं
त्याच तागडीनं मीही विकलं.
पासंग मला लांबनं ओळखू येतो.

दुकानातनं किलोचं माप आणलं,
वैधमापनवाल्याचा यंदाचा शिक्का असलेलं.
झोळी पुन्हा अडकवून आत ठेवलं,
अलगद, मान धरायची असल्यागत.
दीड किलोला थोडं कमी.
मालननं झोळीचं वजन वजा केलं.
एक किलो तीनशे.

तीनशे ग्रॅम म्हणजे माझ्याकडं
शेंगदाण्याची एक पुडी. वर दोन दाणे जास्तच टाकतो.
ऐवळे सिस्टरांनी वही उघडली
आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

मग बासष्ट लेकरं दुकानाच्या फळीवर आली,
साखर आणि तुरडाळीच्या मधोमध.
माझ्या काट्यावर पहिल्यांदाच
न विकायचं काही चढलं.
अकरा मॅम, तीन सॅम.
कालपर्यंत सगळी 'साधारण' होती.

सभेत सरपंचबाईंचे मालक माझ्यावर चढले.
"कुपोषणमुक्त गाव म्हणून तालुक्यात पहिला नंबर होता, आण्णा.
एका किलोनं पाडलंत."
इंगवल्याचं पेन हवेत.
लोचनाबाई कायम मालकांच्या मागच्या खुर्चीत.
तिथनंच म्हणाल्या,
"त्या तिघांत माझा नातू आहे. लिहा."
आकडा लिहिला गेला.
नातू इतिवृत्तात नाही.

नवा काटा अजून आलेला नाही.
तालुक्याहून पत्र आलं: मागणी नोंदवली आहे.
तोवर पहिल्या मंगळवारी
मी कापडी पिशवीत किलो घालून निघतो.
पारावरची पोरं विचारतात,
"आण्णा, कुणाला स्थळ बघायला?"
आणि सही करायला मला आता वेळ लागतो.
इंगवले घड्याळ बघत बसतो.

देवकत्यांची नात मापाकडं हात करते.
तिला ते खेळणं वाटतं.
शिक्क्याची वस्तू, पोरांच्या हातात द्यायची नसते,
तरी फरशीवर ठेवतो तिच्यापुढं.
दोन्ही हातांनी धरते, गाल फुगवते,
उचलायला बघते.

अजून उचलत नाही.