पंख्याला नख

अब्दुललाटच्या शिवेवर, सकाळी सव्वासहा.
पारीसा मगदूम म्हणतात, "ताई, उडवा की आता,
ऊन चढलं की औषध पानावर टिकत न्हाई."
बरोबर आहे त्यांचं.
पण मी अजून बोअरच्या पाइपापासून लांब सरकते आहे;
लोखंडाजवळ याला उत्तर दिशा सुधरत नाही.
मनगटावरचं घड्याळही काढून आयुबकडे देते.

मग दोघं मिळून त्याला उचलतो,
जागच्या जागी गोल फिरवतो,
एकदा आडवा, एकदा नाक खाली करून.
भांगलणीच्या बायका थांबतात:
"बारसं हाय व्हय गं? काय नाव ठेवतासा?"

हात सहा, पंखे सहा,
प्रत्येकाच्या बुडाशी फिरायच्या दिशेचा बाण.
बाण चुकला तर हे उडत नाही, लोळण घेतं.
बॅटऱ्या दोन. एक जरा फुगल्यासारखी.
"चालतंय की," आयुब.
नाही चालत.
ती वाळूच्या बादलीत.

आबा उद्यमनगरात लेथवर होते, बावीस वर्षं.
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक बेअरिंगला,
डोळे मिटून सांगायचे, "रडतंय."
आम्हाला ते रडणं कधी ऐकू आलं नाही.
माझ्याकडे स्क्रीन आहे,
चौदा उपग्रह, सगळे ठिपके हिरवे.
तरी मी प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवते,
मुळापासून टोकापर्यंत.
एक. दोन. तीन.
चौथ्यावर नख
अडकतं.

केसाएवढं.
उन्हात धरलं तरी दिसत नाही.
पारीसाअण्णा चष्मा वर करतात, खाली करतात.
"कुठं काय?"
मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवते.
बोट तिथंच थोडं थांबतं.
मग बांधाकडे वळून त्यांचा आवाज चढतो,
"ए, सरका मागं समदी! त्या बाभळीपल्याड!"

नवं पातं. स्क्रू घट्ट, पण पिळून नव्हे.
परतायची उंची बारावरून वीस मीटर;
कडेचा नारळ काल कुणी सांगितलाच नव्हता.
मूठभर माती सोडली, जराशी तिरपी पडली.
कुत्रं?
धरलंय.
दोन्ही काड्या आत, खाली.
सहाही पंखे सावकाश जागे होतात,
ताडपत्रीचा कोपरा उचलला जातो
आणि त्यावर ठेवलेली आयुबची चप्पल
चालू लागते.

बंद. सगळं बंद.
बायका पदर तोंडाला लावून हसतात,
अण्णा कपाळाला हात लावतात.
मी पुन्हा पहिल्या पात्यापासून.

दुसऱ्यांदा तो उठतो. कंबरेएवढ्या उंचीवर
मी त्याला धरून ठेवते.
डोळे मिटायची सोय नाही, नुसता कान देते.
शेजारी पारीसाअण्णाही मान तिरपी करून
ऐकताहेत,
काय ऐकायचं ते मला न विचारता.