फुटाला एक सूत

रविवारी उद्यमबागेत भट्ट्या गार असतात.
शटरची चावी माझ्याकडे, म्हणून मीही येतो.
हत्यारं मोजून देणारा, मोजून घेणारा
माणूस लागतोच कुणीतरी.
कानस बारा, हॅक्सॉ सात, सोल्डरिंग गन तीन,
त्यातली एक नुसतीच तापल्यासारखं करते.
पाटी कुठल्या भाषेत लावायची यावर एकमत झालं नाही,
म्हणून पाटीच नाही.

पोरं येतात मच्छेहून, वडगावहून,
दोघं तर खानापूरच्या पहिल्या बसनं,
डब्यात कालचा भात, फोडणी दिलेला.
काही कन्नड शाळेची, काही मराठी,
आणि मुजावरांचा रेहान, जो कुठल्याच शाळेत फारसा दिसत नाही.
पहिल्या रविवारी दोन बाकांवर दोन भाषा बसल्या.
पण व्हाइस एकच होता.
तिसऱ्या रविवारपासून नट आवळताना सगळीच म्हणतात ‘बिगि’
आणि बोट चेमटलं की सगळीच ‘आयला’.

टोपाण्णा सुतार शिकवतात.
पंचेचाळीस वर्षं पॅटर्न शॉपात, उजवी करंगळी अर्धी.
फळ्यावर काही लिहीत नाहीत.
सागवानाचा तुकडा देतात, म्हणतात, आधी वास घे.
बंद पडलेला मिक्सर देतात, म्हणतात, उघड.
परत जोडायचा कसा?
ते जेवणानंतर.

वैजू कंग्राळकरला यंत्र हवं होतं आईसाठी.
आई घरी मागाच्या कांड्या भरते.
धागा तुटतो, चाक फिरतच राहतं,
दूध उतू गेलं तरी आईला नजर हलवता येत नाही.
वैजूनं केसातला आकडा काढला,
धाग्यावर टांगला, खाली तांब्याचा पत्रा.
धागा तुटला की आकडा पडेल, पत्र्याला टेकेल,
रिले टक् करेल, मोटर थांबेल.
कागदावर थांबली.
बाकावर आठ वेळा नाही थांबली.
आकड्याला काळा रंग होता, रंगातून वीज जात नाही,
हे तिला कुणीही सांगितलं नाही.
नवव्या वेळेआधी ती पॉलिशपेपर मागायला आली.
मी लिहिलं: पॉलिशपेपर, अर्धा.

त्या संध्याकाळी एक पट्टी कमी भरली.

पुढच्या रविवारी ती दारातच उभी,
काखेत लाकडी सांगाडा.
‘तुमची पट्टी खोटं बोलूलीय.’
दोन फुटांचा सांगाडा दोन सूत जास्त,
दांडा भोकांतून निसटतो.

टोपाण्णा हसले नाहीत.
‘काय गे, ही कुठली उचललीस? ही ओतकामाची.
बीड वितळतं, साच्यात जातं, निवताना आकसतं.
फुटाला एक सूत.
म्हणून ह्या पट्टीचा फूट एक सूत मोठा.
आधीच मोठं मोजायचं. निवलं की बरोबर येतं.’

रेहाननं दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या
आणि फरक नखानं चाचपत राहिला.

मी टेबलाशी, रजिस्टर उघडं.
दहावीनंतर मलाही मोजलं होतं एकानं
ह्याच रस्त्यावरच्या एका ऑफिसात, उभं करून,
वरून खाली.
त्याची पट्टी अगदी बरोबर होती.

वैजूनं सांगाडा नवा केला नाही.
टूथपेस्टच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
दोन्ही बाजूंना ठासला. बिगि.
कांडी फिरली. धागा तिनं स्वतःच तोडला.

टक्.

खानापूरची दोघं म्हणाली, परत तोड.
परत तोडला. पाच वेळा.
सहाव्या वेळी टोपाण्णांनी तोडला,
अर्ध्या करंगळीत अडकवून.

संध्याकाळी मोजणी.
कानस बारा. हॅक्सॉ सहा, सातवा खिडकीत सापडला.
पट्टी एक, जमा.
पुढे शेऱ्याचा रकाना असतो, मी तो कधी भरत नाही.
आज लिहिलं:
मोठी आहे. असू द्यावी.