दोन बोटं खिडकी

मॅटाडोर दारात आली तेव्हा तिच्या पाठीवर
'स्कूल'मधला फक्त 'ल' उरला होता.
शरयूताई म्हणाली, घासू नकोस,
एवढं तरी शिकलेलं राहू दे तिच्यात.

कंपूतला मिस्त्री हसला होता:
"दो अम्माँ, एक डब्बा, उसमें हीटर?"
मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत
प्रयोगशाळा सांभाळली. रबरी नळ्यांच्या चिरा,
पिवळी पडलेली ज्योत,
कुणी तोटी उघडी ठेवून गेलं
तर आधी खिडकी, मग ओरडा.
मिस्त्रीला म्हटलं, पाना तेवढा दे.

जानेवारीत ग्वाल्हेरचं धुकं
किल्ला उचलून कुठेतरी ठेवतं
आणि दुपारपर्यंत परत आणत नाही.
ताईचे गुडघे त्याच्या दोन दिवस आधी बोलू लागतात.
तरी तिला चंबळेच्या काठी रात्र काढायची होती,
पहाटे सुसरी वाळूवर येतात ते बघायला.

गॅस हवेहून जड.
तो वर जात नाही, तळाशी बसतो गुमान,
ठिणगीची वाट बघत.
म्हणून सिलेंडरच्या पेटीला बुडातच भोक,
अंगठा जाईल एवढं, आरपार रस्त्यापर्यंत.
धुराडं हजिऱ्याच्या पत्रेवाल्याकडून.
कुशवाहनं दुकानात पांढरी टेप पुढे केली,
नको म्हटलं. तांब्याच्या नळीचं तोंड नीट फुलवलं
की पितळ त्याला आपसूक धरतं.
तीन तोंडं फाटली.
चौथं कमळासारखं – नको, कमळ नको –
सनईसारखं उमललं.

मग रिठ्याचा फेस.
ताईनं भावजींचा दाढीचा ब्रश आणून दिला,
काही बोलली नाही, मीही नाही.
पहिला जोड कोरडा बोलला. दुसराही.
तिसऱ्यावर एक बुडबुडा आला,
थांबला,
मोठा झाला.
म्हटलं, बघ, वासही येतोय.
ती वाकली, नाक जोडाला टेकेपर्यंत.
"मला कुठला येणार?"
मला वाटलं, थट्टा.
"चार वर्षं झाली त्या तापाला.
फोडणी करपली की मी
तुझ्या तोंडाकडे बघून ओळखते."

मी पाना घेऊन चाकाशी बसून राहिले.
एका स्वयंपाकघरात चार वर्षं.
दर शुक्रवारी गजरा हुंगून
ही बाई मला "छान" म्हणत आली.

पाव वळसा आवळला. पुन्हा फेस. पुन्हा.
बुडबुडा आला नाही, तरी पुन्हा.
वाजणारं यंत्र आणलं, दुकानदार म्हणाला छताला लावा,
मी लावलं खाली, जमिनीपासून वीतभर,
तिच्या उशाशी.
आणि जळल्यावर जे विष उरतं
त्याला तर वासच नसतो,
तिथे आम्ही दोघी सारख्याच,
त्याचं दुसरं यंत्र. आणि खिडकी.

चंबळेआधी एक रात्र आमच्याच गल्लीत,
दाणाओळीत, नळाच्या बाजूला गाडी लावून.
हीटर दोनदा खोकला, मग निळा झाला.
"गार येतंय गं, लाव की ती खिडकी."
दोन बोटं राहू दे.
"तू झोपत का नाहीस?"
अशीच.

मग बराच वेळ पत्रा कुरकुरत तापला.
"कसला वास येतोय?" तिनं अंधारात विचारलं.
म्हटलं, रंग तापल्याचा. जुन्या रेक्झिनचा.
"आणखी?"
चौकात कुणीतरी शेकोटीत टायर घातलंय.
"आणखी?"
समोर कुणाकडे गाजर हलवा खाली लागलाय.
"मेली, ढवळत नसणार," ती म्हणाली,
आणि गुडघ्यांवरची दुलई
पायानं खाली सारली.